‘नो नो बाबा’चं शूटिंग

“हिच्या डोळ्यांत भीती नाहीये,” ती दिग्दर्शिका म्हणाली आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीची हनुवटी सोडून पुढच्या मुलीकडे सरकली.

नववीच्या पोरी शाळेच्या मैदानात ओळीनं उभ्या होत्या. बाजारात मेथीच्या जुड्या बघाव्यात तशी ती बाई एकेकीला वळवून बघत होती, नाक मुरडत होती, पुढे जात होती. तिचं नाव अन्वी. मुंबईहून आली होती. आमचे हेडमास्तर धनुरे सर तिच्या मागे छत्री धरून चालत होते. डिसेंबर महिना होता आणि ऊन कोवळं होतं, तरी छत्री होती.

लिंबाच्या झाडाखाली, हेडमास्तरांच्या खुर्चीत, गायक बसला होता. शर्विल. मूळ नाव शरद. वडलांच्या विलास या नावाचा तुकडा कापून शरदला चिकटवला की शर्विल होतं, हे त्यानं आल्याआल्या आम्हा शिक्षकांना स्वतःच सांगितलं होतं, आणि आम्ही दाद द्यावी म्हणून तो थोडा वेळ थांबलाही होता. त्याची दोन प्रेमगीतं त्या वर्षी लग्नांच्या वरातीत वाजत होती. आता त्याला समाजासाठी काहीतरी करायचं होतं. बालविवाहाविरुद्ध एक गाणं. राष्ट्रीय बालिका दिनाला मुंबईत मंत्र्यांच्या हस्ते ते बाहेर येणार होतं, आणि व्हिडिओ मराठवाड्यात काढायचा होता, कारण “खरेपणा दिसला पाहिजे.”

“तुमच्याकडे खूप होतात ना बालविवाह?” त्यानं मला विचारलं. तुमच्याकडे सीताफळं चांगली मिळतात ना, असं विचारावं त्या स्वरात.

मी त्या धामणटाकळीच्या शाळेत मराठी शिकवत होते. सुलभा टाकणखार. पोरी मला टाकणखार मॅडम म्हणायच्या. मराठीची बाई म्हणून हेडमास्तरांनी मोठ्या कौतुकानं मला गाणं वाचायला दिलं. ते मला अजून पाठ आहे. वाईट गोष्टी लवकर पाठ होतात.

बाहुलीचं माझ्या लगीन राह्यलं,
माझंच आधी लागू नको,
नो नो बाबा, नो नो नो,
बाबा मला तू त्यागू नको.

‘त्यागू’ हा शब्द तिथं का आहे, असं मी विचारलं. शर्विल म्हणाला, तो फ्लो आहे.

एवढ्यात शिवकन्या ढवळे धावत आली. तिला उशीर झाला होता. ओळीत उभी राहून ती धापा टाकत होती, डोळे मोठे झाले होते, कपाळावर घाम होता. अन्वी तिच्यासमोर थबकली. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिनं शिवकन्येचा चेहरा त्यातून पाहिला आणि हळूच म्हणाली, “हीच. बघ शर्विल, काय घाबरलीये ही.”

पोरगी घाबरली नव्हती. नळावरून पळत आली होती. चौदा वर्षांची, हाडापेरानं काटक, खो-खोत खांबाला वळसा घालायची तेव्हा पाठलाग करणारी पोर हात लावायची राहून जायची. पण भीती आणि धाप यांतला फरक ज्यांना कळत नाही, ते लोक भीतीवर गाणं करायला आले होते.

मी म्हणाले, लहान मुलीला नवरी करून सगळ्या जगाला दाखवू नका, एखादी मोठी नटी घ्या. अन्वी म्हणाली, नटी खोटी वाटते. शर्विलनं गॉगल काढला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “मॅडम, आपण सगळे एकाच बाजूला आहोत.” मी त्याचा हात खाली ठेवला. हेडमास्तरांनी मला डोळ्यांनी दटावलं. शाळेला नवे स्पीकर मिळणार होते.

माझा भरवसा शिवकन्येच्या बापावर होता. अंकुश ढवळे गावात मंडप-डेकोरेशनचा धंदा करायचा. त्याची थोरली मुलगी, रुक्मिण, आदल्या वर्षी सेलूच्या एका पोराबरोबर निघून गेली होती. त्या दिवसापासून तो माणूस बदलला. धाकटीची सायकल त्यानं विकली, तिचं खो-खो बंद केलं, जिल्ह्याच्या सामन्याला नेण्यासाठी मी त्याच्या दारात गेले तर मला ओसरीवरूनच परत पाठवलं. शाळेत आणायला-न्यायला स्वतः यायचा. असा बाप पोरीला शालू नेसवून कॅमेऱ्यापुढे उभी करील, हे शक्यच नव्हतं.

संध्याकाळी हेडमास्तरांचा फोन आला. ढवळे तयार झाला होता. नुसता तयार नाही. मंडप त्याचा, आचारी त्याचा, गुरुजी तो आणणार, आणि नवरदेवाच्या कामासाठी मंठ्याकडचा एक ओळखीचा पोरगाही तोच बोलावणार होता. कंपनीला काही बघायला नको.

“बघा,” धनुरे सर म्हणाले, “कलेनं माणूस कसा पालटतो.”

मला ते पटलं नाही. पण शिवकन्या दुसऱ्या दिवशी वर्गात उड्या मारत आली. मॅडम, मी यूट्यूबवर दिसणार. बापानं वर्षभरानं पहिल्यांदा तिच्याशी नीट बोलून तिला नव्या बांगड्या आणायचं कबूल केलं होतं. तिच्या तोंडावरचा आनंद मोडायला माझी जीभ वळेना. मी ग्रामसेवक लहाने यांना गाठलं. गावात बालविवाह रोखायची जबाबदारी सरकारनं त्यांच्यावर टाकलेली असते. मी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही तिथं हजर राहा आणि नीट लक्ष ठेवा. ते म्हणाले, मी आहेच की, मला मुलीच्या मामाचं काम दिलंय.

शूटिंगच्या दिवशी मारुतीच्या देवळापुढे मंडप उभा राहिला. आमच्या गावात इतका चांगला मंडप त्याआधी कुणी पाहिला नव्हता. सगळ्या गावाला वऱ्हाडी म्हणून बोलावलं होतं. बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली होती, आचाऱ्यानं बुंदी पाडली होती. ग्रामसेवक गुलाबी फेटा बांधून फिरत होते. माझ्या वर्गातल्या पोरी शर्विलच्या मागे नाचणार होत्या, म्हणून मी तिथं होते.

नवरदेव म्हणजे विष्णू खंदारे. पंचविशीचा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला, मान खाली घालून बसणारा. त्याच्याबरोबर त्याची आई आणि जीपभर माणसं आली होती. मी म्हटलं, एका नवरदेवाच्या कामाला एवढी माणसं कशाला? त्याची आई म्हणाली, “त्यांना बी शूटिंग बघायचंय की.” तिच्या काखेत एक गाठोडं होतं आणि ते ती खाली ठेवत नव्हती.

अन्वीला दुपार कलती झाल्यावरचं सोनेरी ऊन हवं होतं. अक्षता तेव्हाच टाकायच्या, असं तिनं सांगितलं. त्यावर ढवळेनं लग्न लावायला आणलेले प्रभाकर गुरुजी एकदम अस्वस्थ झाले. ढवळे पुढे आला. भर दुपारीच झालं पाहिजे, नंतर आचारी थांबणार नाही, मंडप दुसरीकडे जायचाय, अशी काय काय कारणं तो सांगू लागला. वाद वाढला. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. शेवटी अन्वीनं हात वर केले आणि शर्विलला म्हणाली, किती गुंतलेत बघ ही माणसं या विषयात.

मग स्पीकरवर गाणं सुरू झालं आणि त्यानंतर कुणाचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही. ‘नो नो बाबा, नो नो नो’ असं ते पुन्हा पुन्हा वाजत होतं. शर्विल मंडपाच्या एका बाजूला छातीवर हात ठेवून ओठ हलवत होता. मधल्या ढोलाच्या तुकड्याला तो गुडघ्यावर बसायचा आणि मुठी आवळून आभाळाकडे बघायचा. पहिल्यांदा त्याच्या पँटला माती लागली म्हणून ते परत घेतलं. पलीकडे शिवकन्येला आणलं. मुंडावळ्या, हिरवा शालू, हळदीनं पिवळे झालेले हात. दोन बायकांनी तिला दंडाला धरलं होतं. ती रडत होती. अगदी नाका-डोळ्यांतून पाणी. अन्वी कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून स्वतःच्या गळ्याला हात लावत होती, इतकी ती भारावली होती. एकदा ती शिवकन्येजवळ गेली, पोरगी तिला काहीतरी म्हणाली, अन्वीनं जोरात मान हलवली, अंगठा वर केला आणि धावत कॅमेऱ्याकडे आली.

मंगलाष्टकं झाली, अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या. अन्वी ‘कट’ म्हणाली. गुरुजी थांबले नाहीत. तिला वाटलं, त्यांना कळलं नसेल. मग तिनं कॅमेरामनला खुणावलं, चालू ठेव. कन्यादान झालं. होम पेटला. मी मंडपात पुढे व्हायला लागले, तर ढवळेच्या भावांनी वाट अडवली. “मॅडम, फ्रेममध्ये येताव तुमी.” एका दिवसात गावाला फ्रेम हा शब्द आला होता. मी ग्रामसेवकांना हाताला धरून म्हटलं, हे फार लांबलंय, थांबवा. ते तोंडातली बुंदी गिळून म्हणाले, “कट म्हणल्याबिगर कसं थांबवावं?”

पंगती उठल्यावर मी शिवकन्येला शोधू लागले. शाळेच्या एका वर्गात कपडे बदलायची सोय केली होती. तिथं तिचा गणवेश घडी करून ठेवलेला होता. ती नव्हती. मंठ्याची जीपही नव्हती. मंडपामागे तिची आई कांताबाई पातेल्यांजवळ बसली होती. मी विचारलं, शिवकन्या कुठंय?

तिनं पदर तोंडाला लावला. “लागलं ना मॅडम लगीन. आता कामून हुडकायलात?”

मी खाली बसले. ती पातेल्याकडे बघत सांगत होती. थोरली गेल्यापासून नवऱ्याला झोप नव्हती. मंठ्याचं स्थळ चालून आलं होतं. पण गावात लग्न लावलं तर कुणीतरी फोन करणार, पोलीस येणार. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावात आले होते. मग हे गाणंवाले आले. शूटिंगला कोण फोन करणार? सगळा गाव बघेल आणि सगळा गाव म्हणेल, खेळ होता. पोरीला आदल्या दिवशी हळद लावताना सांगितलं. तिनं जेवण टाकलं. “बापानं पाया पडून घेतलं तिच्या,” कांताबाई म्हणाली. “पोरीच्या पाया पडला बाप. मग काय करंल लेकरू?”

मी उठले आणि कंपनीच्या गाड्यांकडे गेले. सामान भरणं चाललं होतं. शर्विल गाडीच्या दारात बसून ओल्या कागदानं मान पुसत होता. मी दोघांना सगळं सांगितलं. एका शब्दाची भर न घालता.

अन्वीनं तोंडावर हात नेला. डोळे भरून आले तिचे. मग ती म्हणाली, “म्हणजे ती मला म्हणत होती ते... ‘ताई, मला खरंच नको.’ मला वाटलं, भूमिकेत शिरलीये. मी तिला म्हटलं, मस्त, हेच पुन्हा म्हण.”

“आणि ते शूट झालंय?” शर्विलनं विचारलं.

“क्लोजअप,” ती म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी तेवीस वर्षं वर्ग सांभाळला होता. दोन पोरांच्या हाती एकदम काहीतरी लागलं आणि ते लपवायचं की वाटायचं हे ठरत नसलं की अशी नजर होते. तो व्हिडिओ आता सोन्याचा झाला होता आणि तितकाच धोक्याचा. मी म्हटलं, गाडी वळवा, मंठ्याला जाऊ, तुम्ही नावाजलेली माणसं, तुम्ही दारात उभे राहिलात तर ते पोरीला सोडतील. शर्विल म्हणाला, भावनेच्या भरात काही करायला नको, आधी आमच्या लीगलशी बोलतो. मग त्यानं मला समजावलं, की एका मुलीपेक्षा विषय मोठा आहे आणि गाणं अडकलं तर लाखो मुलींपर्यंत संदेश जाणार नाही.

“संदेश,” मी म्हटलं.

“हो मॅडम. जागृतीला वेळ लागतो.”

गाड्या गेल्या. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथं उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले. पीएसआय गव्हाणे नावाचा तरुण अधिकारी होता. आधी तो हसला. शूटिंगची परवानगी त्याच्याच ठाण्यातून गेली होती, फोटोही काढून घेतला होता त्यानं शर्विलबरोबर. मी खुर्चीवरून उठले नाही. म्हटलं, शूटिंग होतं तर पोरगी रात्री घरी का नाही? त्यावर त्याचं हसू थांबलं. त्यानं मंठ्याला फोन लावला, मग ढवळेला, मग कंपनीला. कंपनीची मंडळी औरंगाबादेत मुक्कामाला होती. मागच्या दिवशी वळायला तयार नसलेली गाडी आता आपणहून परत आली, आणि सोबत एक वकील आला.

दुपारपर्यंत सगळे जमले. ढवळे, विष्णू, त्याची आई, प्रभाकर गुरुजी, ग्रामसेवक. शिवकन्येला दोन बायकांच्या मधे बसवून आणलं. हिरव्या बांगड्या, गळ्यात दोन वाट्यांचं नवं मंगळसूत्र, काल नेसलेलाच शालू. सत्यनारायण झाल्याशिवाय संसार नाही, म्हणून तिला चुलत नणंदांजवळ झोपवलं होतं, हे सासूनं कुणी न विचारता सांगितलं आणि सांगून झाल्यावर जीभ चावली. शिवकन्येनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती जमिनीकडे बघत होती.

गव्हाणेंनी कायदा सांगितला. लग्न खरं असेल तर बाप, नवरा, सासू, गुरुजी आणि लग्नाला हातभार लावणारा जो कोणी असेल त्या सगळ्यांवर गुन्हा. मंडपात नाचणाऱ्यांवरसुद्धा, असं म्हणून त्यांनी शर्विलकडे पाहिलं. “आणि मॅडम, तुम्हालाही सांगतो. गुन्हा दाखल झाला म्हणून लग्न मोडत नाही. मोडायचं तर पोरीला कोर्टात जावं लागतं. तोवर ती ह्यांची सूनच.”

मग एकेक जण बोलला. ढवळे म्हणाला, शूटिंग होतं साहेब, सगळं गाव साक्षी आहे. विष्णूची आई म्हणाली, शूटिंगच होतं, पोरीला गाव दाखवायला नेलतं, उशीर झाला म्हणून ठेवून घेतली. विष्णूनं नुसती मान हलवली. प्रभाकर गुरुजींना घाम फुटला होता. ते म्हणाले, मंत्र म्हटले खरे, पण मनात संकल्प केला नव्हता. संकल्पाशिवाय म्हटलेले मंत्र म्हणजे नुसतं पाठांतर. चाळीस वर्षं त्या मंत्रांवर त्यांचं घर चाललं होतं.

शेवटी शर्विल. वकिलानं त्याच्या कानात काही सांगितलं. तो उभा राहिला, गॉगल कपाळावर चढवला. आदल्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं होतं आणि तो ते विसरलेला नव्हता, हे मला त्याच्या माझ्याकडे न बघण्यावरून कळत होतं.

“सर, मी कलाकार आहे,” तो म्हणाला. “काल जे झालं तो शंभर टक्के अभिनय होता. गुरुजीसुद्धा अभिनयच करत होते. त्यात खरं काहीही नाही. हे मी जबाबदारीनं सांगतो.”

सगळ्या व्हिडिओत त्याच्या तोंडून एवढं स्पष्ट मराठी एकदाही आलेलं नाही.

गव्हाणे माझ्याकडे बघून खांदे उडवायच्या बेतात होते. मी बोलायला उठले, पण त्यांनी मला हातानं थांबवलं आणि शिवकन्येला विचारलं, “पोरी, तू सांग. काय होतं ते?”

खोलीत पंखा फिरत होता. शिवकन्येनं मान वर केली. आधी बापाकडे पाहिलं. बाप हात जोडून बसला होता, कुणाला जोडले होते कुणास ठाऊक. मग तिनं सासूकडे, गुरुजींकडे आणि शर्विलकडे पाहिलं.

“शूटिंगच होतं सर,” ती म्हणाली.

मी डोळे मिटले.

“शूटिंगच होतं,” ती पुन्हा म्हणाली, आणि मला बांगड्यांचा आवाज आला म्हणून मी डोळे उघडले. ती उभी राहिली होती. दोन्ही हात मानेमागे नेऊन तिनं मंगळसूत्र डोक्यावरून काढलं. ते मुंडावळ्यांच्या खुणेजवळ केसांत अडकलं, तिनं ते शांतपणे सोडवलं. टेबलापाशी गेली आणि शर्विलच्या समोर ठेवलं.

“हे तुमच्या कंपनीचं ना?” तिनं विचारलं. “सामान परत करायचं राह्यलं होतं.”

विष्णूच्या आईनं तोंड उघडलं. सोनं तिचं होतं, त्या काखेतल्या गाठोड्यातलं. पण ते माझं आहे असं म्हणायचं तर कशासाठी घातलं होतंस, हे सांगावं लागणार होतं. तिनं तोंड तसंच मिटलं. ढवळेचे जोडलेले हात खाली आले. शर्विल त्या मंगळसूत्राकडे साप बघितल्यासारखा बघत होता. ते कुणाचं आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

गव्हाणेंना समजलं. माणूस वाईट नव्हता. ते खुर्चीत मागे टेकले. “घ्या ना साहेब,” ते म्हणाले. “तुमचंच सामान आहे ना? अभिनयातलं?”

शर्विलनं वकिलाकडे पाहिलं. वकील खिडकीबाहेर बघत होता. मग शर्विलनं ते दोन बोटांनी उचललं आणि जाकिटाच्या खिशात घातलं.

“मग मी जाऊ ना मॅडमबरोबर?” शिवकन्या म्हणाली. “मला शाळा आहे.”

जा म्हणाले गव्हाणे. आणि ढवळेकडे वळून म्हणाले, हे शूटिंग आता पोरगी अठरा वर्षांची होईपर्यंत पुन्हा करायचं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पोरगी मला इथं दिसली पाहिजे. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा विष्णूची आई शर्विलच्या गाडीच्या काचेवर हात आपटत होती. काच लगेच खाली झाली नाही.

‘नो नो बाबा’ ठरल्या दिवशी बाहेर आलं. मंत्री आले, बालकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं शर्विलला शाल दिली. व्हिडिओत शिवकन्येचा रडणारा चेहरा मोठा करून दाखवलाय, तिचे ओठ हलताना दिसतात. ती काय म्हणते ते ऐकू येत नाही, त्यावर गाणं आहे. पुढे एका मुलाखतीत शर्विलनं सांगितलं, की या गाण्यामुळे एका मुलीचं लग्न मोडलं. आणि त्याला खोटं म्हणता येत नव्हतं.

गावातली पोरं शिवकन्येला बघून ते गाणं म्हणायची. वर्षभर म्हणायची. बापानं तिच्याशी बोलणं टाकलं. ती माझ्या घरी राहून दहावी झाली, मग जालन्याला आयटीआय केलं. आज ती एसटीच्या कार्यशाळेत आहे, गाड्यांचे ब्रेक बघते. दोन वर्षांपूर्वी लग्न केलं, नोंदणीचं. होमाला नको म्हणाली. बाप आला होता. मंडप घालू का, असं त्यानं विचारलं, आणि ती नको म्हणाली. तो कोपऱ्यात बसून राहिला. त्याचा मला कधी पुरता राग करता आला नाही. तो भ्यायलेला माणूस होता. शर्विलला कसलीच भीती नव्हती, गाणं अडकण्याखेरीज.

पण मला आठवतो तो ठाण्यातून परत येतानाचा रस्ता. एसटीत आम्हाला मागची जागा मिळाली होती. तिनं शालूवरून माझी शाल गुंडाळून घेतली होती. ठाण्यात इतकी ताठ उभी राहिलेली पोरगी आता अंग चोरून बसली होती. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, मी खोटं बोलले.”

मी म्हटलं, सगळेच बोलले.

“त्यांचं जाऊ द्या. पण मी सात पावलं चालले ना? अग्नीभोवती चालले. देवानं तर बघितलं असंल. देवाला कसं म्हणू शूटिंग होतं?”

ती चेष्टा करत नव्हती. चौदा वर्षांच्या पोरीला पोलिसांची भीती वाटली नव्हती, बापाची नाही, सासूची नाही. या एका गोष्टीची वाटत होती. मी मराठी शिकवते, शास्त्र नाही. पण तिला उत्तर हवं होतं आणि ते देणारं गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

“देव होता तिथं?” मी विचारलं.

“मारुतीचं देऊळ होतं की समोर.”

“मग त्यानं ते गाणं ऐकलं असणार,” मी म्हणाले. “पहिल्या कडव्यालाच उठून गेला असेल तो. पुढचं त्यानं काही बघितलं नाही.”

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं, मी खरं बोलते की काय ते तपासायला. मी तोंड सरळ ठेवलं. मग तिच्या पोटातून कुठूनतरी हसू आलं, आधी नाकातून, मग तोंडातून, आणि ते थांबेना. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. हिरव्या शालूतली नवरी, हळदीचे हात, आणि पदरात तोंड खुपसून ती हसतेय, हसतेय.